समृद्धीची अर्धी गोळी

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं, हे मला शाळेतही नीट कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे विचारायचं राहून गेलं. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्यांनी आधी मला माफ करावं आणि मग पुढं वाचावं. आमच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "मावशी, हॉस्पिटलच्या दिवाळी अंकात तुम्हीपण लिहा की. बावीस वर्षं काढलीत इथं." मी हसून नको म्हटलं. चार माणसांत बोलायचं झालं तरी मी मागं सरते, छापून येणं तर लांबच. पण घरी आल्यावर वाटलं, कुणी वाचणारच नसेल तर लिहायला काय हरकत आहे? नातीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात मावशी होते. मावशी म्हणजे फरशी पुसणारी, चादरी बदलणारी, उलटीचं भांडं धरणारी. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. ते तिकडे कोळशाच्या धुळीत जायचे आणि मी नाशिक रोडहून बस धरून इकडे यायचे. पहिल्या आठवड्यात मी रोज रडत घरी गेले. हे म्हणाले, "सोडून दे." दुसऱ्या आठवड्यात एका पोरानं मला 'टकलूंची मावशी' असं नाव ठेवलं आणि माझं जाणं-येणं पक्कं झालं.

आमच्याकडे जास्त करून रक्ताच्या कॅन्सरची मुलं असायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅन्सर म्हणजे संपलं. लहान मुलांच्या या आजारात तसं नाही. पुष्कळ मुलं बरी होतात, पण औषध पुरं करावं लागतं आणि ते खूप लांब चालतं. पहिला महिना सगळ्यात वाईट. शिरेतून औषध, पाठीच्या मणक्यात सुई, आणि एक अशी गोळी की पोरांचे गाल फुगून डोळे बारीक होतात आणि ती दिवसभर खायला मागतात. एक पोरगी एका दुपारी सात पोळ्या खाऊन वर मलाच म्हणाली, "मावशी, तुमचा डबा राहिलाय का?" त्यानंतर काही महिने येऊन जाऊन सुया. त्यानंतर जे येतं त्याला मी 'लांबचा रस्ता' म्हणायचे. जवळजवळ दोन वर्षं घरीच गोळ्या. एक गोळी रोजची, आणि दुसऱ्या बारीक पिवळ्या गोळ्या आठवड्यातून एकाच दिवशी. महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचं, रक्त तपासायचं, आणि रक्तातल्या पेशी बघून डॉक्टर पुढच्या महिन्याचा डोस कागदावर लिहून देणार.

लोक फसतात ते या लांबच्या रस्त्यावर. मूल बरं दिसतं. केस येतात, शाळेत जातं, भांडतं. मग गोळी कशाला, असं घरात कुणीतरी म्हणतंच. एका आजोबांना सांगितलं होतं, गोळी दुधाबरोबर देऊ नका. त्यांनी दूध बंद केलं आणि नातवाला दोन महिने गोळी पेढ्यात घालून दिली. पेढा कशाचा असतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर मॅडम कपाळाला हात लावून बसल्या आणि आजोबांनी उरलेले पेढे आम्हालाच वाटून टाकले.

आता माझ्या वॉर्डातल्या वहीबद्दल सांगते. डोसाचा कागद इंग्रजीत असायचा. आयांना तो वाचता यायचा नाही, मलाही नाही. सिस्टर समजावून सांगायच्या, त्या 'हो हो' म्हणायच्या आणि बाहेर आल्यावर जिन्यात मला विचारायच्या, "मावशी, काय म्हणल्या त्या?" म्हणून सिस्टर सांगताना मी मागं उभी राहून ऐकायला लागले आणि एका वहीत काढून ठेवायला लागले. प्रत्येक मुलाचं एक पान. पूर्ण गोळीला पूर्ण गोल, अर्धीला अर्धा गोल. आठवड्याच्या गोळीला बारीक ठिपके. वार मात्र मी आईच्या सोयीचा धरायचे. मालेगावच्या नसरीनचा शुक्रवार, कारण शुक्रवारी कापडाचे माग बंद, घरात सगळे हजर, कुणी ना कुणी आठवण करणारच. सटाण्याकडच्या वैशालीचा सोमवार, कारण तिच्या गावचा बाजार सोमवारी. मॅडम म्हणायच्या, "वार कुठलाही धरा, पण एकदा धरला की बदलू नका." पुढच्या खेपेला आई आली की मी विचारायचे, किती दिवस चुकलं? जेवढे चुकले तेवढ्या फुल्या. मला आया खरं सांगायच्या. मी फरशी पुसता पुसता विचारायचे म्हणून असेल.

चौथी शिकलेल्या बाईला कुणी वही घेऊन विचारायला येतं, याचा मला अभिमान होता. तो अभिमानच पुढं नडला.

नसरीनचा अयान आणि वैशालीची समृद्धी एकाच महिन्यात आमच्याकडे आले. दोघं पाच वर्षांची, खाट शेजारी शेजारी. नसरीनच्या नवऱ्याचे चार माग होते, वैशालीची सासरची थोडी कांद्याची शेती. दोघींची आधी भाषाच जुळेना, एकीची हिंदी-उर्दू, एकीची अहिराणी. नसरीन मला 'खाला' म्हणायची, वैशाली 'मावशी'. पण पहिला महिना संपेपर्यंत दोघी एका ताटात जेवायला लागल्या. द्राक्षाच्या दिवसांत वॉर्डात द्राक्षं बंद असायची, कारण औषध चालू असताना कच्चं आणि सालीचं फळ पोरांना चालत नाही. नाशिकच्या पोरांना हे सांगणं म्हणजे छळच. अयान आणि समृद्धी खिडकीत बसून खालच्या गाडीवाल्याची द्राक्षं मोजायची. "ती वाली मेरी." "नाय, ती मनी शे." त्यावरून त्यांची खरीखुरी मारामारी झाली आणि दोघांना मलाच सोडवावं लागलं.

लांबच्या रस्त्यावर चार-पाच महिने गेले आणि दोघांचे कागद वेगळे व्हायला लागले. अयानचा डोस वाढत वाढत दीड गोळीवर गेला. समृद्धीच्या पेशी फार खाली उतरल्या, म्हणून तिचं औषध एकदा पंधरा दिवस बंद ठेवलं आणि मग अर्ध्या गोळीवर आणलं. एका तपासणीच्या दिवशी वैशाली बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"मावशी, एक विचारू? अयानले कितली गोळी शे?"

मी वही उघडली. कुणी विचारलं की उघडायची, एवढंच मला ठाऊक. अयानचं पान तिच्यापुढं धरलं. एक पूर्ण गोल आणि शेजारी अर्धा.

तिनं गोलांवरून बोट फिरवलं. "दीड. अन् मनी पोरले अर्धी. आजार एकच ना, मावशी? वय एकच?"

"एकच."

"मंग?"

मी म्हटलं, "मॅडम बघून देतात गं." नसरीन पलीकडून हसत म्हणाली, "अरे, मेरा पोट्टा खाऊ है, औषध पण जास्त खातो." चेष्टा होती, पण वैशाली हसली नाही. तिच्या सासूचं म्हणणं तिनं मागं एकदा मला सांगितलं होतं, की आपण सरकारी योजनेवर फुकटात आहोत आणि त्यात पोरगी, म्हणून हातचं राखून देत असतील. मला ते तेव्हाच आठवायला हवं होतं. मी वही मिटली आणि बादली उचलून गेले.

तीन आठवड्यांनी समृद्धीला तापानं फणफणलेली आणली. तोंडात फोड, पाणीसुद्धा गिळवेना. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा सिस्टरचा चेहरा उतरला. पेशी जवळजवळ नव्हत्याच. अशा वेळी साधी सर्दीसुद्धा मुलाला घेऊन जाऊ शकते. तिला कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवलं आणि शिरेतून औषधं सुरू झाली. त्या खोलीचं काम मी मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे कपडे धुवायला काढताना पिशवीत गोळ्यांची पाकिटं हाताला लागली. रिकामी. महिन्याला अर्ध्या अर्ध्या गोळीनं जेवढी लागतील, त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त. मी वैशालीकडे बघितलं आणि तिनं मान खाली घातली.

"औषध बंद ठेवलं होतं ना, तवाच्या उरेल होत्या," ती म्हणाली. "मी अयानसारखीच दिली. दीड. मावशी, माले वाटलं, तो लवकर बरा व्हईन अन् मनी राही जाईन."

"मॅडमना सांग."

"नका ना मावशी! योजनेतून नाव काढतील. सासू घरात घेवावू नाही." तिनं माझे दोन्ही हात धरले. "पोर बरी व्हऊ द्या, मंग मी कधीच असं करणार नाही. तुमना पाया पडस."

मी हात सोडवून कपडे बादलीत टाकले. ते पान मीच दाखवलं होतं.

दहा वाजता राउंड आला. मॅडमबरोबर दोन डॉक्टर आणि सिस्टर. आमच्या मॅडम तोंडाच्या तिखट, कामाला वाघीण. त्यांनी रिपोर्ट बघितला, आधीचा कागद बघितला आणि म्हणाल्या, "अर्ध्या गोळीवर ही अवस्था? म्हणजे हिला अर्धीसुद्धा झेपत नाही. बरी झाली की पाव गोळीवर ठेवू. शेवटपर्यंत."

मला औषधातलं कळत नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट कानावरून पुष्कळदा गेली होती. लांबच्या रस्त्यावर औषध कमी पडलं तर आजार परत येतो, आणि परत आलेला आजार पहिल्यासारखा ऐकत नाही. वैशालीनं आज तोंड मिटलं आणि मीही मिटलं, तर ही पोर दीड वर्ष नुसत्या पाव गोळीवर राहणार होती, आणि कशामुळे ते कुणालाच कळणार नव्हतं.

मॅडम दारापर्यंत गेल्या. मग मी जी गोष्ट कधी केली नव्हती ती केली. पोछा भिंतीला लावला आणि दारात आडवी उभी राहिले.

"मावशी, काय चाललंय?" सिस्टर म्हणाल्या. "राउंड चालू आहे."

"पाव नका करू," मी म्हटलं.

मॅडम थांबल्या. "काय?"

"पाव गोळी नका करू, मॅडम. तिनं अर्धी घेतलीच नाही. दीड घेतलीय. तीन आठवडे. चूक माझी आहे. मी तिला दुसऱ्या पोराचं पान दाखवलं."

"कसलं पान?"

मी पदराखालून वही काढून दिली. मॅडम तिथंच समृद्धीच्या स्टुलावर बसल्या आणि पानं उलटायला लागल्या. वैशाली भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला वाटलं, आज नोकरी गेली.

"हे गोल म्हणजे गोळी?"

"हो."

"आणि या फुल्या?"

"चुकलेले दिवस. ज्या दिवशी पोरानं घेतली नाही, ओकली, नाहीतर बापानं आणलीच नाही."

मॅडमनी अजून चार पानं उलटली. मग डोळे वर करून माझ्यावर अशा ओरडल्या की पलीकडच्या खोलीतलं पोर रडायला लागलं. एकाचा डोस दुसऱ्याला दाखवणं म्हणजे काय ते कळतं का, पोर गेली असती तर कोण जबाबदार, वगैरे. सगळं खरंच होतं. मी ऐकून घेतलं. ओरडून झाल्यावर त्यांनी कागदावर लिहिलेलं 'पाव' खोडलं आणि सिस्टरना म्हणाल्या, "हिच्या आईला खुर्ची द्या."

त्यानंतर मॅडम वैशालीशी जे बोलल्या ते मी इथं लिहून ठेवते, कारण असं सोपं त्या क्वचितच बोलायच्या. त्यांनी विचारलं, "शेतात दोन वाफे शेजारी आहेत. एकात पाणी लगेच मुरतं, एकात साचून राहतं. दोघांना सारखं पाणी सोडशील का?"

वैशालीनं मान हलवली. "साचेल वाफ्यातला कांदा सडी जाई."

"मग तेच. काही मुलांच्या अंगात हे औषध लवकर जिरतं, त्यांना जास्त लागतं. काहींच्या अंगात ते साचतं, त्यांना थोडं पुरतं. आम्हाला दोघांच्या गोळ्या सारख्या करायच्या नाहीत. दोघांच्या रक्तातल्या पेशी एका मापात ठेवायच्या आहेत. फार वर नको, फार खाली नको. अयानची दीड गोळी आणि हिची अर्धी, दोन्ही एवढंच काम करतात. तुला कमी दिलेलं नाही, पुरतं तेवढं दिलंय."

"नाव काढतील का हो?" वैशालीनं विचारलं.

"कुणी नाव काढत नाही. पण यापुढं काही वेगळं दिलंस तर मला सांगायचं. माझी भीती वाटत असेल तर यांना सांग." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या मला दारात अडवतात."

समृद्धीला उतार पडायला बारा दिवस लागले. पहिल्यांदा वरण-भाताचा घास गिळला त्या दिवशी अयानच्या तपासणीला आलेल्या नसरीननं वॉर्डात खजूर वाटले. झालेलं कळल्यावर ती वैशालीवर आधी खूप चिडली. "पागल है क्या तू? मुझे पूछती तो मैं बताती ना, मेरे अयान को दीड गोळी पे भी उल्ट्या होतात!" आणि मग तिच्या गळ्यात पडून तीच रडली.

वही माझ्याकडून काढून घेतली नाही. मॅडमनी मला सुटी पानं दिली. एका मुलाचं एक पान, ते त्याच्याच आईच्या हातात, आणि सिस्टरची सही झाल्याशिवाय द्यायचं नाही. ते बरोबरच होतं. काही महिन्यांनी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. मी घाबरतच गेले. टेबलावर फायलींचा ढीग. त्या म्हणाल्या, "पूर्वी आमच्याकडे एका पद्धतीनं औषध द्यायचो, आता दुसऱ्या. कुठल्या पद्धतीनं मुलं जास्त बरी राहिली ते मी ताडून बघते आहे. पण फायलीत फक्त आम्ही काय लिहून दिलं ते आहे. मुलांनी काय गिळलं ते फक्त तुमच्याकडे आहे."

मी जुन्या आठ वह्या नेऊन दिल्या. तीन दुपारी त्यांच्यासमोर बसून एकेक पान वाचून दाखवलं. हा वणीचा, बाप दारू प्यायचा, पावसाळ्यात अकरा फुल्या. ही आजीनं वाढवलेली, एकही फुली नाही. मॅडम लिहून घ्यायच्या आणि मध्येच विचारायच्या, "हे मूल आता कुठं आहे?" काहींचं मला माहीत होतं. एक पोलीस भरतीची तयारी करतो, एकीचं लग्न झालं. काही नावांवर मी गप्प बसायचे आणि मॅडमही पान उलटायच्या. ती नावं मी इथंही लिहिणार नाही. आयुष्यात मी कुणापुढं इतकं बोलले नव्हते. नोकरीतले ते तीन दिवस मला अजून आठवतात. मधल्या वेळेत मॅडम दोन चहा मागवायच्या, एक त्यांचा आणि एक माझा.

त्या बारा दिवसांत वैशालीजवळचे पैसे संपले होते. नवरा कांद्याच्या काढणीत अडकलेला आणि सासूनं फोन उचलायचं बंद केलेलं. मी तिला तीन हजार दिले. देताना म्हटलं, परत नको. माझ्या मनात तो माझ्या चुकीचा दंड होता, पण तिला तसं सांगायला जीभ उचलली नाही. ती म्हणाली, "उसने म्हणून देत असाल तरच घेस." मग उसने म्हणून दिले.

पुढं दर महिन्याला तपासणीला आली की रक्त द्यायच्या आधी ती माझ्याकडे यायची. कधी शंभर, कधी दोनशे, कांद्याचा भाव पडलेला असला की पन्नास. मी म्हणायचे, राहू दे. ती म्हणायची, "घ्या मावशी, तुमना डोस. एकदम झेपणार नाही, थोडा थोडा घ्या." नसरीन लांबून ओरडायची, "खाला, पन्नास में पेशी गिर जायेंगे, और मांगो!" एवढं हसू आमच्या बाकावर दुसऱ्या कशानं आलं नसेल. समृद्धीची गोळी अर्धीची पाऊण झाली, पुन्हा अर्धी झाली. फुली एकही नाही. सासू एकदा स्वतः आली आणि मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "तूच का ती, दारात उभी राहनारी?" आणि पिशवीतून दोन किलो कांदे काढून माझ्यापुढं ठेवले.

मी निवृत्त व्हायच्या तीन महिने आधी समृद्धीची शेवटची गोळी झाली. मॅडमनी कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. आता तपासणीला यायचं ते खालच्या ओपीडीत, आणि तेही पुढं कमी कमी होत जाणार. वॉर्डाच्या जिन्याचं काम उरलं नाही. वैशाली तरीही वर आली. समृद्धीला दोन वेण्या घातल्या होत्या. वैशालीनं शंभराची एक नोट माझ्या हातात ठेवली.

"झाले बरं का मावशी. पुरे तीन हजार."

मी मनात जुळवून बघितलं. झाले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, ही नोट परत करावी, म्हणजे शंभर रुपये तरी बाकी राहतील आणि ती पुढच्या महिन्यात पुन्हा जिना चढून येईल. पण आमच्या वॉर्डात माणसानं परत न येणं, यासारखी चांगली गोष्ट दुसरी नव्हती. मी नोट घडी करून कनवटीला लावली आणि म्हटलं, "पुरे झाले. आता जा."